मदत हवी आहे: गीझर गॅसचा की विजेचा?

नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीत राहतो, घरात पाइपचा गॅस आहे. 15 लिटरचा जुना विजेचा गीझर गळायला लागलाय. पाच जणांच्या आंघोळी, आईचा नंबर शेवटी, आणि तिला रोज कोमट पाणी. मनाला लागतं हो.

हिशेब केला: 20 लिटरची बादली 25 अंशांवरून 45 वर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज. गॅस स्वस्त पडेलही, पण बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि गॅस जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचीच धास्ती आहे. गॅस गीझर ड्राय बाल्कनीत लावून फक्त गरम पाण्याची लाइन आत घेतली, असं कुणी केलंय का? आमचा शेवटचा मजला, पाण्याचा दाब कमी. तेवढ्यावर बर्नर पेटतो का?