दहाव्या पुस्तकात अडकलोय, पुढे वाचू का?

रॉबर्ट जॉर्डनची व्हील ऑफ टाइम ही फँटसी मालिका वाचतोय. नवव्या पुस्तकाचा शेवट, नायक रँड आणि नायनीव मिळून सैदिन (जादूच्या शक्तीचा पुरुषांच्या वाट्याचा, दूषित झालेला भाग) साफ करतात तो प्रसंग, वाचताना अंगावर काटा आला होता, म्हणून दुसऱ्याच दिवशी दहावं, क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट, घेतलं आणि आता अर्ध्याच्या पुढे आलो तरी गाडी हलत नाहीये. प्रत्येक जण लांबून तीच शक्ती जाणवून दचकतो, हे काय चाललंय म्हणतो आणि परत आपल्या कामाला लागतो. अरे मला माहितीये काय झालंय, आत्ताच वाचून आलोय! रँड जवळजवळ नाहीच. रँडचा मित्र पेरिन, त्याच्या बायकोला आठव्या पुस्तकात पळवलंय आणि हा अजून सो हाबोर गावात धान्य घेतोय, त्यात सोंडे निघालेत, ते पाखडणं चाललंय. खूप वाईट वाटतंय, इतकी आवडती सिरीज आहे.

रात्रपाळी: तुझं दुःख कळतं रे. नववं २००० ला आलं, हे २००३ च्या जानेवारीत. मधली दोन वर्षं आम्ही वाट बघत काढली आणि हातात हे पडलं, पुढचं नाइफ ऑफ ड्रीम्स यायला २००५ उजाडलं. तुला तर पुढची चारही पुस्तकं लगेच मिळतील. सोडू नकोस, अकरावं सुसाट आहे.

पानगळ: मला सो हाबोर आवडलं होतं. ते मळकट, घाबरलेलं गाव वाचताना जगाची वीण उसवतेय हे पहिल्यांदा खरं वाटलं. पण राजकन्या एलेनच्या गादीचं राजकारण फार ताणलंय, ते मी भराभर उलटलं. शेवटाकडे पेरिनच्या कुऱ्हाडीचा एक प्रसंग आहे, तो मात्र शांतपणे वाच. कुऱ्हाड की हातोडा हे त्याचं किती आधीपासून चाललंय आठवतंय ना?

रात्रपाळी: हो तो प्रसंग! आणि अजून एक, जॉर्डन २००७ मध्ये गेले, अकरावं हे त्यांनी स्वतः पूर्ण केलेलं मुख्य मालिकेतलं शेवटचं, पुढची तीन त्यांच्या नोट्सवरून लेखक ब्रँडन सँडरसननी पूर्ण केली. त्यामुळे मला आता ही संथ पानंसुद्धा गाळवत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता: काल रात्री कुऱ्हाडीपर्यंत पोचलो. कैद्यांसमोर पेरिन जे करतो ते वाचून पुस्तक मिटून ठेवलं, पाच मिनिटं नुसता बसून होतो. धान्य पाखडण्याची पानं अजूनही जास्तच वाटतात, पण अकरावं मागवलंय.