घरात दोन भाषा बोलल्या की पोराचा गोंधळ होतो का?

मीनू_बंगळूर: मी पुण्याची, नवरा हुबळीचा, राहायला बंगळूर. लेक सव्वातीन वर्षांची. मला "आई पाणी दे" म्हणते आणि वळून बापाला "अप्पा, नीरु कोडु", हे तिला कोणी शिकवलेलं नाही. मधूनच भेळ पण होते, परवा म्हणाली "मला दूध बेडा" (बेडा म्हणजे नको). तर आता प्लेग्रुपच्या मिसने बोलावून सांगितलंय की मुलगी कन्फ्यूज होतेय, घरात फक्त इंग्लिश बोला. सासूबाईंना इंग्लिश येत नाही आणि माझी आई व्हिडिओ कॉलवर "हाय ग्रॅनी" ऐकून फोनच ठेवेल. काय करू?

शून्यप्रहर: मिस बरोबर बोलतेय, राग मानू नका. आधी एक भाषा पक्की होऊ दे. माझ्या पुतण्याचं असंच केलं, घरी मराठी, शेजारी गुजराती, शाळेत इंग्लिश, आता चौथीत आहे आणि धड एकही भाषा लिहिता येत नाही. सगळीकडे पाय आणि कुठेच घर नाही अशी गत.

बेळगावचा_पावणा: ओ साहेब, मग आम्ही अख्खं बेळगाव बिघडलोय म्हणायचं! गल्लीत मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्लिश, तरी पोरं इंजिनेर होऊन तुमच्या पुण्यातच फ्लॅट घेतायत की. उलट दोन भाषांनी डोकं तल्लख होतं, हे शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय. हैदराबादचा अभ्यास वाचा, २०१३ चा.

आकडेमोड: पावणं, जरा थांबा. तो अभ्यास मुलांवर नव्हताच. स्मृतिभ्रंशाचे ६४८ पेशंट होते, त्यात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं दिसलं, न शिकलेल्यांतसुद्धा. निष्कर्ष भारी आहे पण म्हाताऱ्यांचा आहे, सव्वातीन वर्षांच्या पोरीला लावू नका.

मुलांचं म्हणाल तर ही भांडणं १०० वर्षं जुनी आहेत. १९२३ मध्ये वेल्समध्ये १४०० मुलं तपासली, खेड्यातली द्विभाषिक मुलं बुद्धिमापनात मागे निघाली आणि लगेच बोंब झाली की दोन भाषा म्हणजे गोंधळ. पण शहरातल्या मुलांत तसा फरकच नव्हता, म्हणजे दोष भाषेचा नसून खेड्यातल्या परिस्थितीचाही असू शकतो, हे कोणी नीट बघितलं नाही. मग १९६२ ला माँट्रियलमध्ये १० वर्षांची फ्रेंच-इंग्लिश मुलं घेतली तर ती एकभाषिक मुलांच्या पुढे! सगळे खूश. फक्त त्यांनी दोन्ही भाषा सारख्याच चांगल्या येणारीच मुलं निवडली होती, म्हणजे हुशार पोरं आधीच वेचून घेतल्यासारखं झालं.

शून्यप्रहर: म्हणजे फायदा नाहीच ना? मग एवढा अट्टहास कशाला.

आकडेमोड: फायदा सिद्ध झाला नाही म्हणजे तोटा सिद्ध झाला असं नसतं हो. २०१९ मध्ये अमेरिकेत ९-१० वर्षांच्या साडेचार हजार मुलांची आकडेवारी बघितली, लक्ष एकवटणं, मनाला आवर घालणं असल्या कामांत द्विभाषिक मुलं विशेष पुढे नव्हती. तल्लख डोक्याची जाहिरात फुगवलेली आहे एवढंच माझं म्हणणं. एका भाषेतले शब्द मोजले तर अशी मुलं मागे वाटतात हे खरं, दोन्ही भाषांतले मिळून मोजा, मग बरोबरीला येतात. मिसने फक्त इंग्लिश मोजलं असणार.

ओटीतली_काकू: मीनू, मी ३० वर्षं बालवाडी चालवली, मला अभ्यासबिभ्यास कळत नाही. "दूध बेडा" मध्ये गोंधळ कुठाय गं? वाक्य मराठी, शब्द कन्नड, आणि अर्थ एकदम स्वच्छ: दूध नको! बापाला मराठीत आणि तुला कन्नडमध्ये पाणी मागितलं असतं तर मी थोडी थांबले असते. पण बाई, एक विचारते, दोन्ही भाषा मिळून शब्द किती? तीन-चार शब्दांची वाक्यं करते का? कानाची तपासणी झालीय का? मुलाला खरंच बोलायला उशीर असेल तर त्याला दोन भाषा कारण नसतात, पण ते अंगावर काढूही नये.

मीनू_बंगळूर: काकू, वाक्यं भरपूर, गप्प बसवायला लागतं. कान तपासलेत, छान आहेत. इंग्लिशमध्ये मात्र "नो" आणि "बस आली" एवढंच, त्यातलं दुसरं तर इंग्लिश पण नाही.

शून्यप्रहर: हसा. उद्या पहिलीच्या ॲडमिशनला इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये झाला की मग बोलू. मी पुतण्याचं उगाच नाही सांगितलं, त्या पोराला वर्गात गप्प बसलेलं मी बघितलंय.

बेळगावचा_पावणा: असा इंटरव्ह्यू घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच बंदी आहे.

शून्यप्रहर: कायद्यात आहे. शाळेच्या ऑफिसात जाऊन बघा.

आकडेमोड: हे मात्र खरं बोललात. पण तुमचा पुतण्या गप्प होता तो तीन भाषांमुळे, की त्याची एकही भाषा वर्गात चालत नव्हती म्हणून?

शून्यप्रहर: ...ते विचारायला पाहिजे त्यालाच.

मीनू_बंगळूर: मी मिसला सांगून आले, इंग्लिश तुम्ही शिकवा, आमच्या घरी आधीच दोन बायका दोन भाषांत ओरडतात. मिसचं तोंड वाकडं झालं. संध्याकाळी लेकीला दूध दिलं तर "बेडा" म्हणाली, सासूबाई लगेच खूश. आता ती दूध पीतच नाही, त्यावर कोणाकडे काही उपाय असेल तर सांगा.