चहाची चव खरंच बदललीये की आम्हालाच वेड लागलंय?

अर्धाकप:
नमस्कार मंडळी. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून आमच्याकडे एकाच कंपनीचा चहा येतो. नाव लिहीत नाही, उगाच वाद नकोत. वाण्याच्या यादीत नुसतं 'चहा १ किलो' लिहिलं तरी तो न विचारता तोच पुडा टाकतो. दिवाळीनंतर नवा पुडा आला, कोपऱ्यात 'आता अधिक दमदार' छापलेलं, मी लक्षच दिलं नाही. सकाळी आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, आज पावडर कमी टाकलीस का गं? दुसऱ्या दिवशी चमचाभर जास्त टाकली तर रंग काळाकुट्ट, चव कडू आणि कप खाली ठेवल्यावर मागे जो वास रेंगाळायचा ना, तो गायबच. बाबा कधी कशाला नावं ठेवत नाहीत, ते अर्धा कप तसाच ठेवून उठले. कस्टमर केअरला फोन केला तर मॅडम क्वालिटीत काहीच चेंज नाही, हवा तर पुडा बदलून देतो. अहो पण त्यातही तोच चहा असणार ना! अजून कुणाला जाणवलंय का असं?

खटपट्या:
पाणी बघा आधी. आमच्याकडे टँकर सुरू झाला तेव्हा चहावर तवंग यायला लागला आणि आम्ही दोन महिने चहाच्या कंपनीला शिव्या घालत होतो. नाहीतर दूध. नाहीतर वय, रागावू नका, पण साठीनंतर जीभ पूर्वीसारखी राहत नाही.

अर्धाकप:
पाणी तेच, गवळी तोच. आणि जिभेचं म्हणाल तर आज परीक्षाच घेतली. प्रवासाच्या डबीत जुनी पावडर शिल्लक होती, ती आणि नवी, एकसारख्या कपात, कपाखाली चिकटपट्टी लावून. दोघांनीही तीनपैकी तीन वेळा बरोबर ओळखलं. बाबांनी तर नुसत्या वासावर.

ममरी_मास्तर:
मामांच्या चहाच्या दुकानात बारा वर्षं काढलीत म्हणून लिहितोय. पुड्यातला चहा कधीच एका मळ्याचा नसतो, कितीतरी मळ्यांचा माल चाखून चाखून मिसळतात आणि चव सारखी ठेवणं हेच टी-टेस्टरचं काम. पण माल स्वतः सारखा नसतो. आसामचा मे-जूनचा, म्हणजे सेकंड फ्लशचा चहा दाट आणि वासाचा, पावसाळ्यात पानं भरपूर येतात पण चव पाणचट. त्यात २०२४ला आसामात आधी ऊन मग पूर, उत्पादन घटलं, लिलावात भाव चढले. अशा वेळी पुड्याची किंमत फार वाढवायची नसेल तर मिश्रणात हात घालणं आलंच. तुमच्या कंपनीने काय केलं ते मी सांगू शकत नाही, पण लगेच काळा रंग, कडूपणा आणि वास नाही हे ऐकून मला डस्ट, म्हणजे चहाची अगदी बारीक भुकटी, वाढल्यासारखी वाटते. डस्ट पटकन उतरते, मोठी गोळी, म्हणजे दाणेदार ममरी, सावकाश उतरते पण वास देते. तुम्ही सरळ सुट्या चहाच्या दुकानात जा, जुन्या पावडरची चिमूट कागदात बांधून न्या, जुना दुकानदार हातावर घेऊन सांगेल साधारण काय काय आहे. आणि ती डबी मसाल्याच्या डब्याजवळ ठेवू नका, चहा वास ओढतो.

थेम्सकाठी:
ताई, तुम्ही एकट्या नाही. इथे इंग्लंडात २०११ मध्ये ट्वायनिंग्स या चहाच्या कंपनीने अर्ल ग्रे या त्यांच्या सुवासिक चहात बर्गमॉट (संत्र्याच्या जातीच्या फळाचा वास) वाढवलं, वर लिंबाची झाक दिली आणि एरवी रांगेत गप्प उभे राहणारे इंग्रज असे काही खवळले की विचारू नका. शेवटी कंपनीला जुना चहा 'क्लासिक' म्हणून परत आणावा लागला. नवाही चालूच ठेवला, तो भाग वेगळा. तेव्हा फोनवर थांबू नका, लेखी तक्रार करा, बॅच नंबरसकट.

खटपट्या:
तीनपैकी तीन? बरं, वयाचं मागे घेतो. पाण्याचं नाही.

अर्धाकप:
ईमेल टाकलंय. आज बाबांना घेऊन सुट्या चहाच्या दुकानात गेले, काकांनी चिमूट तळहातावर चोळली, वास घेतला आणि दोन प्रकारची ममरी नि थोडी डस्ट मिसळून पाव किलो दिली. बाबांनी कप रिकामा केला. आई म्हणते जवळ आलंय, पण डस्ट अजून कमी करायला सांग. शनिवारी परत जातेय. मास्तर, डबीत आता दोनच चमचे जुनी पावडर उरलीये, ती हवाबंद बरणीत ठेवली तर अजून किती दिवस वास धरेल?