एरिओनाइट की ऑफ्रेटाइट? मदत हवी आहे

बेसाल्टच्या पोकळीतला एक नमुना हाती आलाय. लेव्हाइन या झिओलाइट खनिजाच्या (सूक्ष्म छिद्रं असलेल्या सिलिकेट खनिजाच्या) पातळ चकतीवर पांढरे तंतू, लोकरीसारखे मऊ, केसाहून बारीक. मला ते एरिओनाइट, म्हणजे त्याच गटातलं खनिज वाटतं. त्याचं नावच मुळी लोकरीच्या ग्रीक शब्दावरून पडलंय. पण ऑफ्रेटाइट या आणखी एका झिओलाइटची जडणघडणही जवळपास तीच. षट्कोनी कड्यांचे थर ऑफ्रेटाइटमध्ये एएबी, एरिओनाइटमध्ये एएबीएएसी अशा क्रमाने (ए, बी, सी म्हणजे थरांच्या तीन वेगवेगळ्या जागा), म्हणून एरिओनाइटचा सी-अक्ष (थरांच्या दिशेने रचना पुन्हा सुरू होईपर्यंतची लांबी) दुप्पट, सुमारे 15 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). एक्स-रे आलेखात विषम एल (सी-अक्षाच्या दिशेचा निर्देशांक) असलेल्या, म्हणजे त्या दुप्पट अक्षाची खूण असलेल्या रेषा आहेत, पण पसरट. म्हणजे दोन्ही एकमेकांत गुंफलेली असतील का? इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनने (इलेक्ट्रॉनांच्या झोताने स्फटिकरचना पाहण्याच्या पद्धतीने) कुणी तपासलंय? एरिओनाइटचे तंतू श्वासावाटे गेले तर मेसोथेलिओमा (फुप्फुसांच्या आवरणाचा कर्करोग) होऊ शकतो (तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाच्या गावांनी ते भोगलंय), म्हणून नमुन्याची डबी बंदच ठेवलीय. हाताळताना तुम्ही काय काळजी घेता, तेही कृपया सांगा.