सहा फुटी डिफेन्सिव्ह टॅकलला कॉलेज घेतं का?

पिट्सबर्गकर: आमच्या शेजारचा पोरगा हायस्कूलला अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्सिव्ह टॅकल खेळतो, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत मधोमध. सहा फूट, 255 पौंड. परवा दोघांनी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला; मी चार फावडी टाकेपर्यंत याची बाजू साफ! पण एका कोचने उंची ऐकली आणि पुन्हा फोनच केला नाही. स्कॉलरशिप मिळेल का हो?

जुना_चाहता: अहो, काखेत कळसा! नावाजलेला डिफेन्सिव्ह टॅकल ॲरन डोनाल्ड तुमच्याच पेन हिल्स उपनगरातला. सहा फूट एक इंच, या जागेला बुटकाच; रिक्रूटिंगमध्ये, म्हणजे कॉलेजं पोरं हेरतात तेव्हा, पाचपैकी तीनच स्टार. पिटने (पिट्सबर्ग विद्यापीठाने) घेतला. 2013ला आउटलंड ट्रॉफी, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम आतल्या लाइनमनचा (पुढच्या फळीतल्या गड्याचा) मान; 2014च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक NFL संघांच्या निवडीत, 13वा. बुटका गडी समोरच्याच्या खांद्याखाली आपसूक घुसतो.

टचडाउन_तात्या: डोनाल्ड लाखात एक. 285 पौंडांचं अंग घेऊन 40 यार्ड 4.68 सेकंदांत पळाला होता. तुमच्या शेजारच्या पोराचा वेळ किती? दोन लाइनमन एकदम अंगावर आले की 255 पौंड मागे सरकतात, मग चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला रान मोकळं.

पिट्सबर्गकर: वेळ विचारतो. हात मात्र लांब आहेत, गॅरेजच्या दाराला टेकवून टेपने मोजले. साडेतेहतीस इंच. बायको म्हणाली, याला लग्नाला उभा करताय का?