आकाशदर्शनासाठी हिरवा लेझर: किती शक्तीचा घ्यावा आणि कसा वापरावा?

ध्रुवमत्स्य (डोंबिवली)
आमचा हौशी गट हिवाळ्यात वांगणीजवळच्या एका शेतावर शाळकरी मुलांसाठी आकाशदर्शन ठेवतो. “तो नव्हे, त्याच्या डावीकडचा तारा” असे सांगत बसण्यापेक्षा हिरव्या लेझरने थेट तारा दाखवणे सोपे जाते, हे इतर गटांच्या कार्यक्रमांत पाहिले आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पॉइंटरवर “5 मिलिवॅटपेक्षा कमी” असे छापलेले असते. मात्र त्यांतल्याच काहींच्या जाहिरातीत फुगा फोडून आणि काडेपेटीची काडी पेटवून दाखवतात. गटातील काही जणांच्या मते शक्ती जितकी अधिक तितके चांगले. मुलांच्या डोळ्यांना धोका कितपत असतो आणि विमानांबाबत कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

व्याध
ती काडीच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर देते. खऱ्या 5 मिलिवॅटच्या झोताने काडी पेटत नाही. पेटत असेल तर छापलेला आकडा खोटा आहे. लेझरचे धोक्यानुसार वर्ग पाडलेले असतात: दृश्य प्रकाशाच्या अखंड झोतासाठी वर्ग 2 म्हणजे 1 मिलिवॅटपर्यंत, 3आर म्हणजे 5 पर्यंत, 3बी म्हणजे 500 पर्यंत आणि त्यापुढे वर्ग 4. वर्ग 2 ची सारी भिस्त पापणी मिटण्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेवर आहे, जिला सुमारे पाव सेकंद लागतो. 3बी वर्गात तो पाव सेकंदही महाग पडू शकतो.

शक्ती वाढवण्याची मुळात गरजच नाही. 650 नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल रंगापेक्षा 532 नॅनोमीटरच्या हिरव्याला आपला डोळा सुमारे आठपट संवेदनशील असतो, शिवाय हवेतील रेणू हा प्रकाश दुपटीहून अधिक विखुरतात. त्यामुळे अंधाऱ्या जागी 5 मिलिवॅटचा झोत थेट ताऱ्याला टेकल्यासारखा दिसतो. डोंबिवलीच्या गच्चीवर तो फिका वाटेल, पण तिथे तारेही फिकेच असतात.

स्वस्त हिरव्या पॉइंटरमधला खरा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यात 808 नॅनोमीटरचा अवरक्त (इन्फ्रारेड) डायोड एका स्फटिकाला उद्दीपित करतो, त्यातून 1064 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश निघतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून हिरवा प्रकाश देतो. उरलेले अवरक्त अडवायला शेवटी फिल्टर हवा, आणि खर्च वाचवण्यासाठी नेमका तोच गाळला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने 2010 मध्ये ज्याची माहिती प्रसिद्ध केली, अशा एका स्वस्त पॉइंटरमधून हिरव्यापेक्षा अवरक्तच कितीतरी अधिक बाहेर पडत होते. 2013 मध्ये याच संस्थेने 122 पॉइंटर मोजल्याचे जाहीर केले, तेव्हा हिरव्यांपैकी जवळजवळ 90 टक्के तेथील सुरक्षा नियमांत बसले नव्हते. अवरक्त दिसत नसल्यामुळे पापणी मिटतही नाही. म्हणून 520 नॅनोमीटरच्या आसपासचा, थेट हिरवा प्रकाश देणारा डायोड असलेला पॉइंटर मिळाला तर तोच घ्यावा. त्यात ही भानगड नसते.

चित्रा
नेत्रतपासणीच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एवढेच लिहिते. डोळ्याचे भिंग समांतर झोत दृष्टिपटलावरील अतिशय लहान ठिपक्यात एकवटते, त्यामुळे तेथील तीव्रता बुबुळावर पडणाऱ्या तीव्रतेच्या सुमारे लाखपट होते. इजा झाली तरी दुखत नाही. नजरेच्या मध्यभागी डाग किंवा धूसरपणा जाणवतो आणि मूल ते घरी सांगतेच असे नाही. आरशात झोत सोडून खेळताना मुलांना इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. आपल्याकडे 2023 च्या विसर्जन मिरवणुकांनंतर लेझर झोतांमुळे दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. ते झोत हातातल्या पॉइंटरपेक्षा बरेच शक्तिशाली असतात, पण इजा त्याच जागी होते. शंका आली तर डोळ्यात थेंब घालत न बसता दृष्टिपटलाच्या तज्ज्ञांना दाखवावे.

अगस्ती
व्याध यांनी खरेदीचे सांगितले, मी वापराचे सांगतो. पॉइंटर एकाच जाणत्या व्यक्तीच्या हातात असावा आणि मुलांनी कितीही हट्ट केला तरी तो त्यांना देऊ नये. बटण दाबून धरले तरच चालणारा प्रकार घ्यावा व काम झाले की बॅटरी काढून ठेवावी. आधी हात डोक्याच्या वर न्यावा, मग बटण दाबावे, आणि बोट सोडल्यावरच हात खाली आणावा.

विमानांच्या बाबतीत “इतक्या दूर काय पोहोचणार?” ही समजूत घातक आहे. झोत दर किलोमीटरला साधारण एक मीटर पसरतो, म्हणजे तीन किलोमीटरवरच्या विमानाच्या काचेवर तो ठिपका न राहता तीन मीटरचा प्रकाश होतो. काचेवरील बारीक ओरखड्यांमुळे तो विखुरतो आणि ऐन उतरण्याच्या वेळी वैमानिकाचे डोळे दिपतात. वांगणीहून मुंबईकडे ये-जा करणारी विमाने दिसतातच आणि नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाल्याने ती कमी होणार नाहीत. एका सहकाऱ्याचे काम केवळ आकाशावर लक्ष ठेवण्याचे असावे. लुकलुकणारा दिवा दिसला की त्याने “बंद” म्हणावे आणि विमान पूर्ण दूर जाईपर्यंत लेझर लावू नये.

स्वाती (सिडनी)
ऑस्ट्रेलियातील नातेवाइकांसाठी असा पॉइंटर भेट म्हणून आणायचा कोणाचा विचार असेल तर कृपया आणू नये. विमानांवर झोत सोडण्याचे प्रकार घडल्यानंतर 2008 पासून 1 मिलिवॅटहून अधिक शक्तीचे हातातले पॉइंटर परवानगीशिवाय देशात आणता येत नाहीत. न्यू साउथ वेल्समध्ये तर विनाकारण पॉइंटर बाळगणेही गुन्हा ठरू शकते.

ध्रुवमत्स्य (डोंबिवली)
सर्वांचे आभार. काडी पेटवणारे पॉइंटर यादीतून काढले. एक शंका उरली: दुर्बिणीच्या नळीवर पॉइंटर बसवून तिचा रोख साधला तर चालेल का?

अगस्ती
चालेल, पण रोख साधताच तो बंद करावा, कारण शेजारी कोणी छायाचित्रण करत असेल तर त्याच्या अनेक मिनिटांच्या चित्रात हिरवी रेघ उमटते. दुसरे कोणी द्विनेत्रीतून त्याच दिशेला पाहत असेल तर मुळीच लावू नये. थंडी वाढली की स्फटिकांचे पॉइंटर मंदावतात. त्यावर उपाय म्हणून जास्त शक्तीचा घेण्याऐवजी तो खिशात उबेला ठेवावा, मात्र बॅटरी काढूनच.