वीज, गॅस, पाणी, नेट... सगळ्यांना एकच नियामक का नाही?

मीटर_फिरतंय: विजेला एमईआरसी, पाण्याला जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, पाइप गॅसला पीएनजीआरबी, नेटला ट्राय. जर्मनीत वीज, गॅस, टेलिकॉम, पोस्ट आणि रेल्वेचं नेटवर्क एकच संस्था बघते, बुंडेसनेट्सआगेंटुर. आपल्याकडे काय अडचण आहे?

खडूस_काका: राज्यघटना आहे ना राव. टेलिकॉम केंद्राचं, वीज समवर्ती सूचीत म्हणजे केंद्र-राज्य दोघांची, पाणी राज्याचं, मग हे एकत्र करणार कोण? आणि जर्मनीतही पाणी त्या संस्थेकडे नाहीये बरं का.

नुसतीच_वाचक: काका बरोबर, पण अपिलाच्या पातळीवर थोडं झालंय की. पीएनजीआरबीच्या निर्णयावरची अपिलं विजेच्याच न्यायाधिकरणाकडे जातात आणि २०१७ पासून विमानतळांच्या दरांची टीडीसॅटकडे, म्हणजे टेलिकॉमच्या न्यायाधिकरणाकडे. मला विचाराल तर वीज आणि गॅस एकत्र यायला हरकत नाही, दोन्हीकडे वायर किंवा पाइप एकाचा आणि त्यातून माल विकणारे अनेक हाच प्रश्न असतो. पाण्याचं गणित वेगळं, तिथे शेती की शहर हे भांडण, ते वीजदरवाल्यांच्या गळ्यात कशाला घालता

मीटर_फिरतंय: ओके, पण निदान तक्रारीची खिडकी तरी एक करा. विजेला ग्राहक तक्रार मंच आहे, वर विद्युत लोकपाल आहे, ट्राय मात्र वैयक्तिक तक्रार घेतच नाही, कंपनीकडेच जा म्हणते.

खडूस_काका: खिडकी चालेल. पण सगळे दर एकाच टेबलावर ठरले तर लॉबीवाल्यांचे हेलपाटे वाचतील, हे पण बघा 😄